रविवारचं डोकं

गोळी जिभेखाली ठेवून थोडा वेळ झाला होता. छातीतलं सुटत चाललं होतं, वरच्या ओठावरचा घाम पुसून झाला होता, आणि जिन्याच्या पायरीवर आईला टेकून बसलेली दीक्षा तिची नाडी मोजत होती, तेव्हा आई एकदम म्हणाली, "अगं, हे तर रविवारचं डोकं." बाजारात एखादा माणूस पाठमोरा दिसावा आणि नुसत्या चालीवरून ओळखू यावा, तसा तिचा स्वर होता. दीक्षाची मोजणी चुकली. चिखलीतल्या त्या इमारतीची लिफ्ट बंद पडली होती, आई भाजीची पिशवी घेऊन कुणाला न सांगता जिना चढायला लागली होती, आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तिच्या छातीत धरलं होतं. पिशवीतले बटाटे दोन पायऱ्या खाली घरंगळून गेले होते. खालच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडर सुरू होता.

"कुठलं रविवारचं?" दीक्षानं विचारलं.

"ते गं. देहूरोडला असताना यायचं ते. हितं, दोन्ही कानशिलांत. आतनं कुणी मुसळ घातल्यावानी." आईनं डोळे मिटून घेतले. "लई वर्सं झाली. पार इसरून गेले व्हते."

"गोळीनं डोकं दुखतं, आई. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना? नसा सैल पडतात, डोक्यातल्यासुद्धा."

"डोकं दुखंल म्हनले व्हते. हे डोकं म्हनले न्हाईत." पदराचं टोक बोटाला गुंडाळून तिनं जिभेखालून काहीतरी पुसून काढलं. गोळीचा कण उरलेला असायचं खरं तर कारण नव्हतं, तरी तिनं पुसलं. "ही गोळी मी परत न्हाई घ्यायची. सांगून ठिवते."

आईचं, म्हणजे केसरबाईंचं, 'सांगून ठिवते' दीक्षाला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यापुढे बोलणं नसे. आणि या वेळी बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं, कारण हृदयाच्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलेलं चित्र तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं: आईच्या हृदयावरच्या नसा, पानगळ झालेल्या झाडासारख्या, टोकाटोकाला निमुळत्या. इतक्या बारीक नसांत स्टेंट बसत नाही, बायपासला वय आणि मूत्रपिंडं साथ देणार नाहीत, तेव्हा गोळ्याच. सकाळी एक, दुपारी एक आणि धरलं तर ती जिभेखालची. डॉक्टरांनी हे दीक्षाकडे बघून सांगितलं होतं, कारण ती ताथवड्याच्या कॉलेजात औषधशास्त्र शिकवते हे त्यांना कळलं होतं. "तुम्हाला काय सांगायचं, मॅडम," असंही ते म्हणाले होते.

तिला खरंच काही सांगण्याची गरज नव्हती. गेली कित्येक वर्षं ती त्याच एका गोष्टीपाशी बसून होती. दर आठवड्याला एकदा ती सकाळीच चिंचवडच्या मटणाच्या दुकानात जाई आणि खाटीक नुकत्याच कापलेल्या बकऱ्याच्या छातीतली मोठी धमनी तिच्या थंड मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाकी. सुरुवातीला तो हसायचा. "मॅडम, हिचा रस्सा लागत नाही बरं का, रबर आहे नुसतं." आता तिनं डबा पुढे करायच्या आधीच तो हात पुढे करतो. त्या धमनीच्या अंगठीएवढ्या चकत्या कापायच्या, दोन बारीक तारांच्या आकड्यांमध्ये अडकवून कोमट पाण्याच्या नळीत टांगायच्या, खालून प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे. मेलेल्या बकऱ्याच्या नसेची ती चकती मग तासन् तास जिवंत राहते. आवळणारं औषध टाकलं की आवळते, सैल करणारं टाकलं की सैल पडते, आणि वरची सुई तिचं सगळं मन कागदावर काढते. मन हा शब्द दीक्षा वर्गात वापरत नसे. वर्गात ती सांगे की नसेच्या आत पेशींचं एक पातळ अस्तर असतं, कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ. रक्त त्यावरून वाहताना ते अस्तर एक वायू सोडतं, नायट्रिक ऑक्साइड. वायू म्हणजे काय, निरोप. तो काही सेकंद जगतो आणि तेवढ्यात बाहेरच्या स्नायूला सांगून जातो की सैल हो. अस्तर कापसानं खरवडून काढलं तर निरोप देणारं कुणी राहत नाही, आणि जे औषध एरवी नस सैल करतं तेच तिला आवळून टाकतं. नायट्रोग्लिसरीन, जे आईच्या जिभेखालच्या गोळीत होतं, ते मात्र अस्तरावाचूनही काम करतं, कारण तो निरोप ते स्वतःच्या पोटातून आणतं. इथे मुलं लिहून घेत. दरवर्षी एक तरी मुलगा विचारी की ते तर स्फोटक ना, आणि वर्ग हसे. ती म्हणे, "हो, तेच." आपले वडील ते बनवायचे हे तिनं वर्गात कधी सांगितलं नव्हतं.

पायरीवर बसल्या बसल्याच तिला पहिली गोष्ट उमगली होती, आणि तिचा स्वतःवर विश्वास बसेना की इतकी वर्षं उमगली कशी नाही. आबा, म्हणजे धोंडीबा, लष्कराच्या कारखान्यात नव्हते. देहूरोडच्या त्यांच्या चाळीतले बरेचसे तिथे होते. आबा कंपनीच्या बसनं चाकणच्या पलीकडे जात, डोंगराच्या पोटात, खाणींसाठी सुरुंगाच्या कांड्या भरणाऱ्या एका खाजगी कारखान्यात, जो पुढे बंद पडला आणि जिथे आता गाड्यांच्या सुट्या भागांची गोदामं आहेत. त्यांचे खाकी कपडे आई रविवारी धुवायची. आठवड्याचे सगळे एकदम, मोरीत बसून, गरम पाणी आणि सोडा घालून, हातानं. आणि रविवारी दुपारी आईचं डोकं उठायचं. दार लोटलेलं, खिडकीला जुनं लुगडं लावलेलं, आई कपाळाला फडकं आवळून भिंतीकडे तोंड करून निजलेली. दीक्षानं रेडिओ लावायचा नाही, बादली आपटायची नाही, मोठ्यानं पाढे म्हणायचे नाहीत. आबा स्टूल घेऊन बाहेर गॅलरीत जाऊन बसायचे. तिला वाटायचं त्यांना ऊन आवडतं. ते तिला मांडीवर घेऊन समोरच्या पिंपळावरचे बगळे दाखवत, आणि त्यांच्या सदऱ्याला एक गोडसर वास असे, पिकलेल्या फळाचा म्हणावा तर तसाही नाही. नायट्रोग्लिसरीन हे एक तेल असतं, आणि ते कातडीतून आत जातं. ते धुणारीच्या हातातून आत गेलं, आणि डोक्यातल्या नसांना सैल व्हा म्हणालं. इतकं सोपं होतं. तिनं किती परीक्षांमध्ये हा प्रश्न घातला होता: नायट्रेटचे दुष्परिणाम लिहा. पहिलाच दुष्परिणाम डोकेदुखी. आणि घरातल्या त्या अंधाऱ्या दुपारी तिच्या मनात एका बाजूला तशाच निजून राहिल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून.

दुसरी गोष्ट उमगली ती कॉलेजात. प्रयोग सवयीचा होता. चकतीला नायट्रोग्लिसरीनमध्ये बराच वेळ बुडवून ठेवायचं, मग तीच मात्रा पुन्हा टाकायची. आता चकती हलत नाही. तिला तेच तेच सांगून ती बहिरी झालेली असते. मुलं सुईकडे बघत उभी होती. दिग्विजय नावाचा एक हुशार, उतावळा मुलगा म्हणाला, "मॅडम, म्हणजे आता हिला औषधाची सवय झाली. मग औषध काढून घेतलं तर ही पहिल्यासारखी होणार?"

"काढून बघ. धू तिला," दीक्षा म्हणाली. प्रयोगशाळेत असंच म्हणतात. त्यानं तोटी फिरवली, जुनं पाणी खाली गेलं, ताजं आलं. पुन्हा धुतलं. सगळ्यांना वाटलं होतं की सुई जागच्या जागी थांबेल. सुई वर चढायला लागली. कुणी काही टाकलं नव्हतं, तरी चकती आवळत होती, सावकाश आणि सारखी. जी इतका वेळ बाहेरच्या कुणाच्या सांगण्यावर सैल राहिली होती ती आता ते सांगणारं गेल्यावर स्वतःची स्वतःला सावरू शकत नव्हती. "धुतल्यावर जास्त आवळली," दिग्विजय म्हणाला, आणि दीक्षानं टेबलाची कड धरली. तिच्या डोळ्यांसमोर दोरी आली, चाळीतल्या गॅलरीच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, आणि दोरीवर आईनं स्वच्छ धुऊन पिळून वाळत घातलेली चिंधी.

चिंधी घरात सगळ्यांना माहीत होती. हातरुमालाच्या पाव भागाएवढा मांजरपाटाचा तुकडा, पिवळट पडलेला. शनिवारी कामावरून येताना आबा तो टोपीच्या आत खोचून आणत आणि रविवारी टोपी डोक्यावरून काढत नसत. घरात टोपी घालून जेवणारा माणूस म्हणून मावशी त्यांची टर उडवी. दीक्षानं एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "ही माझ्या सोमवारच्या डोक्याची दवा." एवढंच. त्या वर्षी दिवाळीला कारखाना नेहमीपेक्षा जास्त दिवस बंद राहिला. यंत्रं बदलायची होती. आई घर झाडायला निघाली होती. गोधड्या, पडदे, पिशव्या, आबांची टोपी, टोपीतली चिंधी, सगळं तिनं त्या दिवशी उकळत्या सोड्यात काढलं. आबा बाहेरून आले, त्यांनी दोरीकडे बघितलं. आई म्हणाली, "कळकट झाली व्हती, धुतली." आबा जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "असू दे." नंतर सुट्टीतच एका सकाळी, ऊन अंगावर आलं असताना, आबा स्टुलावरून खाली घसरले. चाळीतले लोक म्हणाले, राबता माणूस बसला की असा जातो. आई गेल्यासारखी झाली होती, पण नंतर, बऱ्याच महिन्यांनी, मावशीनं तिला विचारलेलं दीक्षाला आठवत होतं: "तुजं ते डोकं कसं हाय गं?" आणि आई म्हणाली होती, "गेलं. त्यांच्यासंगं गेलं." हे म्हणताना तिचा चेहरा असा का झाला होता ते दीक्षाला तेव्हा कळलं नव्हतं. तिला वाटलं होतं, दुःख.

त्या संध्याकाळी घरी यायच्या ऐवजी ती देहूरोडला गेली. आबांच्या बरोबरचे साहेबराव काका अजून तिथेच राहतात, मुलानं बांधलेल्या घराच्या खालच्या खोलीत. पुस्तकात तिनं वाचलं होतं की दूरदेशीच्या कारखान्यांतले मजूर सुट्टीच्या दिवशी टोपीच्या पट्ट्यात ते तेल लावून नेत, सोमवारी पुन्हा पहिल्यापासून डोकं दुखू नये म्हणून. आणि ज्यांनी नेलं नाही त्यांच्यापैकी काहींना सुट्टीत छातीत धरे. वाचताना तिला ते दूरचं वाटलं होतं. काकांनी तिला ओळखायला वेळ घेतला आणि ओळखल्यावर सुनेला दोनदा हाक मारून चहा टाकायला लावला.

"चिंधी?" ते हसले. तोंडात दात थोडेच होते. "आगं, आमी सगळेच न्यायचो की. नवा गडी आला का पहिल्या सोमवारी वकाऱ्या काढायचा. मग आमी म्हनायचो, भावा, शनवारी चिंधी खोच, आन् न्हाईतर नवी डोस्की आन. सायबांना कळू द्यायचं न्हाई, बंदी व्हती. तुजा बा तर लई नेमाचा. मी येकदा टोपी झाडली तर माजी घरधनीण म्हनती, तुमी जवळ आला का माजं टकुरं ठणकतंय. म्हनलं, बरंय, तेवढंच लांब ऱ्हाशील." ते पुन्हा हसले, आणि हसता हसता थांबले. "सुट्टीतच गेली गं लई मान्सं. जयसिंग गेला. तुजा बा गेला. आमी म्हनायचो, आपल्या जातीच्या कामाला सुट्टी मानवत न्हाई."

"जातीच्या?"

"आगं, कामाची जात म्हनतोय. त्या कारखान्यात काय, सगळेच येका माळंचे मणी व्हतो." त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "आज का इचारतीस ह्ये?"

"कॉलेजसाठी," ती म्हणाली. तिनं चहा संपवला, गरम होता तसाच.

परतताना रिक्षात, आणि मग त्यानंतरचे सगळे दिवस, ती एकच गोष्ट मनात उलटसुलट करून बघत होती. आईला गोळ्या घ्यायला लावायच्या तर त्या डोकेदुखीचा अर्थ तिला सांगावा लागणार. आई अडाणी होती, पण अर्धवट सांगितलेलं तिला कधी पुरत नसे. दीक्षाला दहावीत विज्ञान शिकवणाऱ्या बाई आजारी पडल्या तेव्हा आईनंच तिला समोर बसवून म्हटलं होतं, तू मला समजावून सांग, मला कळलं तर तुला कळलं. ती सवय राहिली होती. दीक्षा काय शिकवते हे तिला तिच्या भाषेत ठाऊक होतं. नसेचं अस्तर, निरोप, बहिरी होणारी चकती. एकदा म्हटलं की तुझं डोकं कपड्यांतल्या तेलानं दुखायचं, की पुढची पायरी ती स्वतः चढणार. लिफ्टची वाट बघणारी बाई नव्हती ती. आणि त्या पायरीवर दोरीवरची चिंधी होती. दीक्षानं मनाशी वाक्यं जुळवली. एका वाक्यात चिंधी नव्हती. एका वाक्यात चिंधी होती पण तिचा काही संबंध नव्हता. हे वाक्य ती आरशासमोर म्हणून बघे आणि तिला स्वतःचा आवाज परीक्षेत पाठ करून आलेल्या मुलीसारखा वाटे. आबा त्या चिंधीवाचून गेले, की ते ओढायचे त्या सिगारेटनं, की त्यांच्या वडिलांकडून आलेल्या कमजोर हृदयानं, हे आता कुणी सांगू शकणार नव्हतं. एका माणसाच्या बाबतीत असं काही सिद्ध करता येत नाही, हे ती दरवर्षी शिकवायची. पण हे खरं आहे म्हणून आपण म्हणतो आहोत की सोयीचं आहे म्हणून, हे तिला कळेनासं झालं. आबा गेले तेव्हा जेवढ्या वयाचे होते तेवढी ती आता झाली होती, आणि एक गोष्ट पोटात ठेवून घरात वावरणं काय असतं ते ती प्रथमच शिकत होती. आई बोले, ती हूं म्हणे. आई विचारी, "जेवनात मीठ लई झालं का?" आणि ती म्हणे, "नाही, ठीक आहे," आणि खरं तर तिनं चवच घेतलेली नसे. इतकी वर्षं एका घरात राहून आईचं बोलणं तिला ऐकू येईनासं झालं होतं, हेही तिला त्या दिवसांत कळलं. आता ऐकू यायला लागलं तर प्रत्येक शब्दानं दचकायला होत होतं.

रविवारी दुपारी तिनं गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पाणी घातलं आणि मातीवर पांढरे ठिपके वर आले. आधी तिला खत वाटलं. मग तिनं बोटानं एक उचलला. अर्धी विरघळलेली गोळी होती. तिच्यासारख्याच अजून होत्या, सकाळच्या आणि दुपारच्याही, कडेकडेनं नीट खोचलेल्या, मेथीचे दाणे पेरावेत तशा. तिला आधी हसू फुटलं, आणि मग ती तिथेच बसली.

"आई, हे काय आहे?"

आई आत खाटेवर बसून लसूण सोलत होती. तिनं मान वर केली, कुंडी पाहिली, आणि पुन्हा लसणाकडे वळली. "त्याला तरी गुण येतोय का बघ. वाढ न्हाई त्याची."

"थट्टा करू नकोस. तू मरशील."

"सगळीच मरत्यात."

"डोकेदुखी थोड्या दिवसांनी कमी होते. सवय होते शरीराला. मी तुला डोक्याची वेगळी गोळी देते, बरोबर घे."

"दुखन्याला कोन भितंय?" आईनं सुरी खाली ठेवली. खाली रविवार असूनही कुणीतरी पत्रा कापत होतं, ओव्हरटाइम असावा, आणि तो आवाज थांबल्यावर आई थांबलीच नव्हती अशी बोलायला लागली, जणू मधल्या वेळात ती मनात बोलतच होती. "मला ते डोकं नगं. दुसरं कुठलं बी दे. त्या डोक्याला मी तुझ्या आबांचं नाव ठिवलं व्हतं. रविवारी ते घरी असायचे आन् रविवारीच उठायचं. सोमवारी ते गेले का उतरायचं. येकदा दोनदा हसण्यावारी म्हनले, तुमी घरात असला का माजं डोकं उठतं. ते हसायचे. पन मला खरंच वाटायला लागलं व्हतं. दीक्षे, मला खरंच वाटायचं. आन् त्या दिवाळीला ते आठवडाभर घरी. मी सारं घर धुवायला काढलेलं, डोकं फुटायला आलेलं. त्या सकाळी मी म्हनले, तुमी बाहेर बसा बाई, तुमी समोर असलात का मला जगनं नगं व्हतं. ते उठले. स्टूल उचललं. दार वढून घेतलं, आवाज नगं म्हनून हळूच वढलं." तिनं लसणाची सालं तळहातावर गोळा केली. "छातीत दुखत असंल तर कुनाला सांगायचं त्यांनी? आतल्या बाईनं तर हाकललेलं. आन् गेले ते गेले, माजं डोकं बी गेलं. परत न्हाई उठलं. म्हंजे मी खोटं न्हवते बोलले. माज्या जिवाला ते नगंच व्हते. हे मला माज्या डोक्यानं शिकवलं. आता तू म्हनतीस रोज घे."

दीक्षाला आठवलं ते ऊन, आणि आबांची मांडी, आणि त्यांना ऊन आवडतं ही आपली समजूत. तिनं जुळवून ठेवलेली वाक्यं कुठेतरी गेली. तिनं आत येऊन आईच्या हातातली सालं काढून घेतली, कारण तिला काहीतरी हातात हवं होतं.

"आई, तुझं डोकं आबांमुळे नाही दुखलं कधी."

"उगी समजूत घालू नगंस."

"समजूत नाही. ऐक. ते जे तेल भरायचे, तेच या गोळीत आहे. त्याच जातीचं. ते त्यांच्या कपड्यांत असायचं. तू रविवारी कपडे धुवायचीस, ते तुझ्या हातातून अंगात जायचं. गोळीनं जे डोकं दुखलं ते तेच. तू ओळखलंस ना जिन्यात? बरोबर ओळखलंस. ते कपड्यांचं डोकं होतं. आबा गेल्यावर ते कपडे धुवायचे थांबले, म्हणून थांबलं. बाकी काही नाही."

आई तिच्याकडे बघत राहिली. दीक्षानं तिला पुष्कळ गोष्टी समजावल्या होत्या आणि दर वेळी आईच्या चेहऱ्यावर एक क्षण येई, गाठ सुटल्यासारखा. या वेळी तो आला आणि थांबला नाही; ओठ थरथरले, मग हनुवटी.

"म्हंजे ते न्हवते."

"नव्हते."

"कापडं व्हती."

"हो."

"मला ते नगं न्हवते." हे तिनं विचारलं नाही. ते वाक्य तिनं एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं. मग ती पदर तोंडाला लावून रडली, आणि दीक्षानं तिला असं रडताना आबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. तेव्हा ती कोरडी होती, नात्यातल्या बायका आपसांत बोलल्याही होत्या. दीक्षा उठून पाणी आणायला गेली. माठाशी उभी राहून तिला वाटलं, इथेच संपू दे. तिनं गरजेपेक्षा जास्त वेळ पेला धुतला.

परत आली तेव्हा आईनं डोळे पुसले होते, आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत होती, हिशेब मांडताना बघे तशी. "मग ती चिंधी," ती म्हणाली. "टोपीतली. तिच्यात बी तेच व्हतं."

"हो."

"सोमवारचं डोकं उठू नये म्हनून. अंगाला सवय लागलेली म्हनून. तुज्या त्या चकतीवानी." तिनं दीक्षाकडे मान वळवली. "चकती धुतली का आवळती म्हनाली व्हतीस तू. मागं कधीतरी."

दीक्षाच्या हातात पाण्याचा पेला होता. नाही म्हणायला एकच शब्द लागला असता. "हो," ती म्हणाली. "आवळते."

"मी चिंधी धुतली व्हती."

"हो. त्यानं झालं असेल, कदाचित. नसेलही. आबांना बरंच काही होतं. खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही, आई, मीसुद्धा नाही. पण झालं असेल."

आईनं पेला घेतला, पाणी प्याली, सगळं, एका दमात. पेला जमिनीवर ठेवला. दीक्षा वाट बघत होती. आपण काय केलं हे तिला कळत होतं, आणि ते परत घेता येणार नव्हतं.

"ते मी सोशीन," आई म्हणाली. तिचा आवाज साधा होता. "धुनं माजं कामच व्हतं. कळकट दिसली, धुतली. कुनी बी धुतली असती. त्यांना बी कळलं व्हतं, त्यांनी मला शबूद लावला न्हाई. ते काम व्हतं. पन मानसाला नगं म्हनून बाहेर बसवलं, ते काम न्हवतं. ते मला गिळता आलं न्हाई इतकी वर्सं." तिनं छातीच्या मध्यावर पालथी मूठ ठेवली, आणि दीक्षाला वाटलं ती बोलण्याच्या भरात ठेवली, मग दिसलं की कपाळावर घाम आला आहे.

"धरलंय?"

"धरलंय. मघापास्नं." आणि लगेच, दीक्षा उठायच्या आधीच, "दे ती गोळी."

दीक्षानं डबी आणली, गोळी तिच्या जिभेखाली ठेवली. आईनं तोंड मिटलं. गोळी विरघळेपर्यंत बोलायचं नसतं, हे तिला सांगितलेलं होतं आणि ते तिनं पाळलं. दीक्षा मागे सरली, वारा यावा म्हणून, आणि दारापाशी उभी राहिली. आईनं मिटलेल्या तोंडानंच मान हलवली आणि हातानं बोलावलं. दीक्षा येऊन खाटेच्या कडेला टेकली. आईनं पुन्हा खूण केली: तिथं नाही, इकडे. ती सरकली. आईनं तिचा दंड धरून तिला अगदी लागून बसवलं, खांद्याला खांदा, आणि धरून ठेवलं. आणि पहिला ठोका कानशिलात पडला असावा तेव्हा तिचे डोळे मिटले, पण हात सुटला नाही.